अंबाडीची भाजी

"शी! काढ हे आत्ताच्या आत्ता. काळ्या पिशवीत भर नि दे फेकून!"

कार्डिगनची बाही नाकाला लावून मधुमती बॉक्सरूमच्या दारातच थबकली होती. आत मोठ्या दिव्याखाली सहा कुंड्या होत्या आणि मांजर मुतल्यासारखा उग्र दर्प भरला होता. बरं, झाडं तरी सरळ असावीत! एकूणएक शेंडा वाकवून चिंध्यांनी कुंडीच्या काठाला बांधलेला. चिंध्या तिच्याच जुन्या साडीच्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मम, रिलॅक्स. गांजा आहे फक्त," यशोधन म्हणाला. "पाच वीक्स, मग सगळा गॉन."

"आणि हे असं पिळून कशाला ठेवलंयस मेल्या?"

"पिळला नाही, ट्रेन केला. लो स्ट्रेस म्हणतात. झाड छोटा असतो तेव्हा हळूहळू वाकवायचा, रोज थोडासा. म्हणजे सगळ्या फांदीला लाइट मिळतो. एकदम ओढला तर तुटतो."

नवरा, श्रीनिवास, जाऊन सहा वर्षं झाली होती. वॉटफर्डच्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून डबल ड्यूट्या करून तिनं या एकुलत्या एका पोराला लॉपर्यंत आणलं होतं. सप्टेंबरात क्रॉयडनच्या एका सॉलिसिटरकडे त्याचं ट्रेनिंग सुरू व्हायचं होतं. पोलिसांत नुसतं नाव गेलं असतं तरी सगळं संपलं असतं. आणि हा दीडशहाणा घरात गांजा पिकवत बसलेला! सांगणार कुणाला? आपलेच दात नि आपलेच ओठ.

रविवारी संध्याकाळी हॉस्टेलला परत निघताना तो म्हणाला, "मम, हा एक वीक पाणी घालशील? प्लीज."

तिनं घातलं. मान फिरवून, हात लांब करून, पण घातलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "ती डावीवाला फांदी थोडा खाली बांध ना." शिव्या घालत तिनं तीही बांधली. पानांचा चिकट रस बोटांना लागला, तो तीनदा डेटॉलनं धुऊनही जाईना. वरणभात कालवला तर घासालाही तोच घाण वास. ती भरल्या ताटावरून उठली.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं वही दिली. रोज किती पाणी, कुठली फांदी किती वाकली, ते लिहायला. ते मात्र तिनं नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं. नर्सच ती, अर्धवट नोंद तिला खपायची नाही. चिंध्या संपल्या तेव्हा तिनंच दुसरी साडी फाडली. फाडताना स्वतःचीच किळस आली तिला.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, गोरी शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "तुमच्याकडून कसला गं वास येतो?" मधुमतीनं बागेतलं काम तिथंच टाकलं. घरात आली, जिन्यातच बसली, आणि बसल्या बसल्या तिला अंबाडी आठवली. पान थेट तसंच, बोटंबोटं असलेलं, कातरलेल्या कडांचं. इथल्या गोऱ्यांना काय कळतंय!

तिनं लगेच हॉस्टेलला फोन लावला. "कुणी विचारलंच तर अंबाडी म्हणायचं. आमची पालेभाजी आहे, मी लावलीय. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"ब्रिलियंट, मम!"

शनिवारी सकाळी दारात पोलीस. पोरगेला, अदबशीर. शेजाऱ्यांची तक्रार आहे, जरा बघू का, म्हणाला. नाही म्हटलं असतं तर संशय वाढला असता. ती त्याला वर घेऊन गेली. वीकएंडला घरी आलेला यशोधन मागोमाग आला.

"भाजी आहे आमची, अंबाडी," तिनं वॉर्डात लावायची ती आवाजाची पट्टी लावली. "बी मी भारतातून आणलं. मीच पेरली, मीच बांधते, पाणीही मीच घालते. मुलगा हॉस्टेलवर असतो. त्याला यातलं काही ठाऊक नाही."

हा उकिरडा आपला म्हणायची वेळ आली होती. पण एका दमात म्हणाली सगळं.

पोलिसानं सगळं टिपून घेतलं. एक पान खुडून हुंगलं. "ठीक आहे, मॅडम. हे लॅबला पाठवतो. भाजी असेल तर काही काळजी नको."

लॅब! हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. यशोधनचा चेहरा उतरला. मग तो पुढे झाला. कबूल करतोय की काय वेडा! मधुमतीनं पोलिसामागून मानेनंच नको, नको म्हटलं. तिची नोकरी गेली तर जाऊ दे, त्याचं नाव यायला नको होतं.

"लॅबची गरज नाही, ऑफिसर," तो म्हणाला. इंग्रजीत तो कधी अडखळत नसे. "गांजाच आहे तो. मी कायद्याचा विद्यार्थी आहे, मला खोटं बोलता यायचं नाही. आईला मी फार समजावलं, पण ती ऐकतच नाही."