भर शर्यतीत नांगर

शिडांच्या होड्यांची ही शर्यत हरलो तर आपली होडी विकायची, असं मी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मग हरण्याची खात्री करावी म्हणून मध्येच म्हटलं, "मला मळमळतंय रे रोलंड. जरा नांगर टाक ना."

"आत्ता? अगं हेझल, आत्ता कुठे हेडवे मिळतोय!"

हेडवे म्हणजे पाणी कापत पुढे सरकणं. आमच्या क्लबात हा शब्द जेवतानाही तोंडी असतो.

बिचाऱ्याने नांगर टाकला. मी थर्मासमधला चहा ओतला.

शेजारच्या होडीतून डेस्मंड ओरडला, "काय रोलंड, बायकोला पिकनिकला आणलंस का? आमचा हेडवे बघ!"

त्याचं शीड फुगलेलं होतं, होडीच्या पुढच्या टोकाशी पाणी खळखळत होतं. तो पाणी कापत पुढे निघाला होता आणि ओहोटीचं पाणी त्याहून वेगाने त्याला घेऊन मागे चाललं होतं. "जोर लावा!" असं ओरडत एकेक होडी आमच्या मागे गेली. शेवटी वारा पडला, पंचांनी शर्यत तिथेच थांबवली आणि पहिला नंबर आम्हाला दिला.



रोलंड आता आणखी मोठी होडी घेतोय. तिचं नाव तो 'हेझल' ठेवणार आहे.