शेजारच्या पाटावरची सुपारी

"लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आणि सत्यनारायणाला म्हणे मुलाला बसवा! कंटाळलेत मला, दुसरं काय!" चंदन उगाळता उगाळता सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मामंजी सोवळं हातात घेऊन दाराशी घुटमळत होते. सकाळपासून त्यांनी चहा घेतला नव्हता, पाण्याचा घोटही नाही. साखर आणि सुटलेलं पोट जुनंच होतं, त्यात प्रोस्टेट वाढल्याचं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. ते मला आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, पण सासूबाईंसमोर तो शब्द कुणी काढत नव्हतं. मामंजींचं सारखं उठणं आम्ही साखरेच्या नावावर खपवत होतो.

सासूबाई पाटावर बसल्या आणि खोलीभर पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "गुरुजी, यांच्या जागी सुपारी मांडा. जोडीदार परगावी असला की मांडतात ना, तशी!"

गुरुजींनी खरंच सुपारी ठेवली. शेजारच्या पाटावर ती एकटी सुपारी पाहून मामंजींना राहवलं नाही.

"तुला नाही गं कंटाळलो," ते म्हणाले. "माझं प्रोस्टेट वाढलंय. लघवी धरवत नाही. कथेच्या मधेच सोवळं भिजलं असतं, तर तुझ्या शेजारी कुठल्या तोंडानं बसलो असतो?"

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी सुपारी उचलली, पदरानं पाट पुसला आणि "आधी पाणी प्या बघू," म्हणून मामंजींना दटावलं. मग सुपारी गुरुजींच्या हातात देत म्हणाल्या, "दर अध्यायाला हे उठतील. तेवढ्यापुरती मांडत चला."