टेप चौदा, गैरहजर

माणूस विसरतो, कॅटलॉग विसरत नाही. परभणीच्या एका बियाणे केंद्रातल्या संगणक खोलीत धम्मपाल सरांनी हे वाक्य अतिशय गंभीरपणे उच्चारलं आणि कॅटलॉगचा पासवर्ड तिसऱ्यांदा चुकवला.

चौथ्यांदा उघडला. समोर साक्षी उभी होती. चपलांना देवगाव फाट्याची काळी माती तशीच. पेरणीमुळं ती महिनाभर तिकडच्या प्लॉटवर होती. आज येऊन ज्वारीची फाइल उघडली, तर सहा वर्षांच्या नोंदींच्या जागी नुसते चौकोन. दुपारी चारला समिती बसणार होती. आकडे नसले तर तिचं वाण बाद.

"सर, गेलं का हो सगळं?"

"कुठं जायलंय? बसा."

सरांचा कॅटलॉगवर जीव होता, आणि त्यात वावगं काही नव्हतं. फाइलींच्या जादा प्रती काढून ठेवणाऱ्या मशीनमध्ये वीस टेपा. रोज संध्याकाळी सहाला एकीवर केंद्राच्या सगळ्या फाइली उतरायच्या. विसावी भरली की पहिली पुसायची, तिच्यावर नवं. कोणती फाइल, कोणत्या तारखेची, कोणत्या टेपवर, किती आत, हे कॅटलॉगला तोंडपाठ. केंद्रात चाळीस माणसं होती. स्टेपलर कुठं आहे, हे त्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

सरांनी फाइलचं नाव टाकलं. साक्षीनं श्वास सोडायच्या आत यादी हजर. वीस प्रती. एकोणीस चौकोनांच्याच, कारण बिघडलेली फाइलही मशीननं रोज तितक्याच निष्ठेनं उतरवली होती. उरलेली एक मात्र बिघाडाच्या आधीची. टेप चौदा, खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची. पुढं शेरा: गैरहजर.

"म्हणजे हरवली?"

"म्हणजे मशीनला दिसत नाही."

सरांनी मशीनचं दार उघडलं. चौदाव्या खणात टेप शहाण्यासारखी बसलेली. प्रत्येक टेपला उभ्या रेघांची पट्टी असते. त्या रेघा वाचून मशीन तिला ओळखतं. या टेपच्या उभ्या रेघांवर तीन आडव्या रेघा होत्या. पांढऱ्या, ठसठशीत, तीन बोटांच्या.

"भागम्मा मावशी!"

सफाईवाल्या भागम्मा झाडू घेऊन आल्या. कपाळावर त्याच तीन रेघा.

"हे तुमी केलंय?"

"खंडेनवमीला की. खुरप्याची पूजा झाली, वजनकाट्याची झाली, तुमच्या मशीनीची झाली. ही एकटीच टेबलावर पडल्याली. म्हणलं, हिनं काय घोडं मारलंय? भस्म लावलं अन् रिकाम्या खणात ठिवली."

"मावशी, अहो, रेघांवरूनच तिची ओळख पटती!"

"मंग? उभ्या हायतच की तिच्या. मी आडव्या वढल्या."

सर दहा मिनिटं बोलले. विज्ञानावर, शिस्तीवर, आणि पुढच्या खंडेनवमीला या खोलीला कुलूप घालण्यावर. घड्याळात तीन वाजून गेले होते. भागम्मांनी ऐकून घेतलं, पदराचं टोक ओलं केलं आणि पट्टी पुसली.

टेप आत गेली. कॅटलॉगनं हजेरी घेतली: टेप चौदा, हजर. टेप फिरत राहिली, नेमक्या जागी थांबली आणि साडेतीनला सहा वर्षांची ज्वारी पडद्यावर उभी राहिली. एक आकडा कमी नाही. साक्षीनं फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पळाली.

साडेपाचला ती पेढे घेऊन आली. वाण पुढच्या चाचणीला गेलं होतं.

"सर, तुमच्या कॅटलॉगनं वाचवलं."

"तो विसरत नाही," सर म्हणाले आणि पहिला पेढा मशीनवर ठेवला. भागम्मांनाही पेढा मिळाला, पण पुन्हा टेपांना हात लावायचा नाही, अशी समज मिळाल्यावर.

सहा वाजता मशीन सुरू झालं. टेप चौदा हजर असल्याचं कॅटलॉगला दिसलं. तिची पुसायची पाळी अठरा दिवसांपूर्वीच होती. भस्मामुळं गैरहजर म्हणून राहून गेली होती. हेही तो विसरला नव्हता.

त्यानं ती पुसली.