ठेक्यातला श्वास

"अगं, मूल कानांनी सांभाळता येत नाही. उठून बघावं लागतं," गावी परत निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या.

ती हसली होती. "आई, माझे कान तिखट आहेत. गब्बूने कूस बदलली तरी कळतं मला."

ते खोटं नव्हतं. गब्बू सात महिन्यांचा. त्याच्या गजांच्या पलंगाला तिने चिमट्याने एक छोटा माइक अडकवला होता. माइकची वायर दाराखालून, बोळातून, थेट अडगळीच्या खोलीत यायची. तिथे भिंतींना जुन्या रजया ठोकून तिने आपला स्टुडिओ थाटला होता. एक खुर्ची, एक संगणक आणि तिची खर्जातली, सहाऐवजी चार तारांची बेस गिटार. "वहिनी, उरलेल्या दोन तारा मोडीत घातल्यात का?" असं धाकटा दीर दर वेळी विचारायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा.

फळीवर तिचे लाडके अल्बम होते. गाणाऱ्याच्या गळ्यासाठी घेतलेला त्यात एकही नव्हता. एकात ड्रम वाजवणारा प्रत्येक ठोका केसभर उशिरा टाकायचा. दुसऱ्यात बेसवाला दोन सूर वाजवून गप्प बसायचा, आणि त्या गप्प बसण्यावरच ऐकणाऱ्याची मान डोलायची. गब्बू पोटात होता तेव्हा याच अल्बमांवर लाथा झाडायचा. तिलाही तसंच काहीतरी वाजवायचं होतं. दुपारी तो झोपला की ती हेडफोन चढवायची.

पण बाळंतपणानंतर तिच्या घरात भीतीही राहायला आली होती, पाहुणी म्हणून नव्हे, घरची होऊन. झोपलेल्या गब्बूच्या नाकाशी ती उठसूट बोट धरायची. तो खोकला की हिचा जीव टांगणीला. माइकमुळे मात्र निभायचं. एका कानात गाणं आणि दोन्ही कानांत त्याचा श्वास. श्वास चालू आहे ना, मग बोटं मोकळी.

परवा तिला एक गोष्ट सुचली. गब्बूचा श्वास तिने रेकॉर्ड केला, त्याचा छोटा तुकडा कापला, संगणकाकरवी ठेक्यात बसवला आणि गाण्याच्या तळाशी अखंड फिरत ठेवला. सुरेख लागला. आत घेतलेला, बाहेर सोडलेला, मध्येच एक बारीकशी घरघर. वाजवायला बसताना मात्र हा ट्रॅक आठवणीने बंद करायचा, म्हणजे कानात फक्त खराखुरा, आत्ताचा श्वास येईल, असा तिने नियम केला होता.

आज बोटं वेगळ्याच लयीत होती. हात जरा मागे रेंगाळत होता, हवा तेवढाच. सूर पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता. खाली गब्बूचा श्वास संथ चालला होता. इतकं निर्धास्त तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. डोळे मिटून तिने गाणं शेवटपर्यंत नेलं, शेवटचा सूर विरू दिला आणि बटण दाबलं.

गाणं थांबलं.

श्वासही थांबला.

क्षणभर तिला काही उमगलंच नाही. मग नजर पडद्यावर गेली. परवाचा ट्रॅक चालूच होता. खऱ्या माइकची रेघ सपाट होती, टाचणीएवढीही हलत नव्हती. इतका वेळ तिने परवाचा गब्बू ऐकला होता.

हेडफोन तिने काढले की ते ओढले गेले, तिला कळलं नाही. गिटार जमिनीवर आपटली. बोळ चार पावलांचा, तो तिने धावत ओलांडला. "गब्बू!" तिने हाक मारली. पलीकडून काही नाही. ना रडणं, ना हूं की चूं.

तो पलंगात बसला होता. माइक त्याने वायरीतून उपटला होता आणि वायर हाताहातांनी आत ओढून घेतली होती. ती कुठेतरी गजात अडकून ताणली होती. एक वेढा मानेला. रडून रडून घसा बसलेला, तोंड उघडं, चेहरा लालबुंद, आणि आवाज नाही. मान आणि वायर यांच्यात तिचं एक बोट जाईल एवढीच जागा उरली होती. त्याने हात उंचावले. अजून जरासा पुढे झुकला असता तर!

तिने बोट घातलं. वेढा सुटला. गब्बूने एक लांब, खरखरीत श्वास घेतला आणि हंबरडा फोडला. मग हुंदका, मग उचकी, मग पुन्हा हंबरडा, कशाचा कशाला मेळ नाही. ती त्याला छातीशी धरून जमिनीवर बसली आणि ते बेताल रडणं ऐकत राहिली. तो निजल्यावरसुद्धा तिची मांडी हलेना.

संध्याकाळी नवरा घरी आला. कसं सांगावं याची ती जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात तो सवयीने अडगळीच्या खोलीत गेला, आडवी पडलेली गिटार नीट ठेवली आणि कानाला हेडफोन लावून गाणं चालू केलं. ती दारात येऊन उभी राहिली. तो मान डोलावत होता.

"काय वाजवलंयस गं! आजवरचं सगळ्यात भारी," तो म्हणाला. "आणि खाली गब्बू ऐक की. किती शांत झोपलाय!"

ती वळली आणि आत गब्बूला बघायला गेली. तुमच्याही घरात पलीकडच्या खोलीत कुणी शांत असेल, तर हे वाचणं इथेच ठेवा. आधी उठून बघून या.