नकाशातल्या चौकटी

आमच्या पोरानं, हरिओमनं कंप्युटरच्या नकाशात गावं-वस्त्या घातल्या, पन अक्षरांची फाईल जोडायला इसरला. आमची वस्ती त्याच्या बापाच्या नावाची. तिथं नावाच्या जागी नुसत्या चौकटी दिसायल्या. "येवढं शिकून बापाचंच नाव पुसलंस व्हय रं?" मी टोचून बोलले.

त्याच हप्त्यात ह्यांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स शेजारच्या जनवाडा गावात अडकली. डायवर फोनवर म्हणला, "अक्का, नकाशात चौकटीच हायत. वस्तीचं नाव सांगा, इचारत येतो."

लग्नापासून नवऱ्याचं नाव मी तोंडातून काढलं न्हवतं. वरडून सांगितलं, "नरसिंगअप्पाची वस्ती!"

ह्यांनी डोळे उघडले, हसले. "घेतलंस की गं नाव शेवटी."

गाडी दारात आली, तवा मी तेच नाव घेऊन ह्यांना हलवायले होते. ह्यांनी ओ दिली न्हाई.