सात पिंपळपानं

सोपानरावांनी हार दोन बोटांत उचलला आणि स्पर्धेच्या टेबलावरून खाली, बाकावर ठेवला. साच्यातून काढलेला माल आहे, म्हणाले, हस्तकलेत बसत नाही. बाद.

कस्तुराच्या अंगाचा तिळपापड झाला. मातीची सात पिंपळपानं आणि मधूनमधून आईच्या तुटलेल्या माळेतले अकीकाचे तांबूस मणी. कासारवाडीच्या खोलीत दोन रविवार खपून तिने ती पानं बोटांनी घडवली होती, शेगडीत भाजली होती. साचा आणणार कुठून? घरात धड पोळपाट नव्हता.

आणि बाद करणारे कोण, तर हेच सोपानराव. चिंचवडच्या या फाउंड्रीतले इन्स्पेक्टर, आज स्पर्धेचे परीक्षक. भट्टीतून वितळलेलं लोखंड ज्या भोकातून येतं, ते बंद करायला मातीची बुचं लागतात. कस्तुरा ती हाताने वळायची, शिफ्टला शंभर. बूच जाड झालं तर बसत नाही, बारीक झालं तर लोखंड माणसाच्या पायावर येतं. सहा वर्षांत तिच्या बुचातून थेंब गळला नव्हता. तरी दरसाल तिचा पर्मनंटचा अर्ज परत यायचा, आणि त्यावर सोपानरावांचा ठरलेला शेरा: हात स्थिर नाही, काम एकसारखं होत नाही. की पुन्हा टेम्पररी, पुन्हा नोकरीत ब्रेक, पुन्हा गेटवर ताटकळणं. तिच्यामागून आलेले सोपानरावांचे दोन गाववाले मात्र पर्मनंट होऊन ऐटीत फिरत होते.

कारखान्याचा चौऱ्याहत्तर सालचा वर्धापनदिन, त्यानिमित्त कामगारांची हस्तकला स्पर्धा. कॅन्टीन कामगारांनी भरलेलं. पाहुण्या म्हणून आलेल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी सुमनताईंनी विचारलं, साच्यातला कशावरून? सोपानरावांना तेवढंच हवं होतं. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, केसाएवढा फरक पकडणारं ते माप, आणि एकेक पान त्यात धरून आकडा मोठ्याने वाचला. सातही वेळा तोच. माणसाच्या हाताला हे जमायचं नाही, म्हणाले. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

ते हसू कस्तुराच्या जिव्हारी लागलं. ती सरळ टेबलापाशी गेली.

“का बाद केलं ते लिवून द्या, सायेब.”

सोपानरावांनी झोकात लिहिलं: सातही पानं तंतोतंत एका मापाची. हाताने इतकं एकसारखं काम होणं शक्य नाही. खाली सही, हुद्दा, तारीख. कस्तुराने कागद दोनदा वाचला, घडी केली आणि पदराच्या गाठीत बांधला.

शेजारच्या टेबलावर कोणी मातीची बैलजोडी करून आणली होती. तिथला उरलेला ओला गोळा तिने घेतला आणि उभ्या उभ्या एक पान केलं. मग दुसरं, तिसरं. नजर हातांवर नव्हतीच, सोपानरावांच्या तोंडावर होती. ज्योतीराम फिटरने पुढे होऊन व्हर्नियर मागून घेतला. भाजायच्या आधी माती फुगीर असते, तशी ही तिन्ही पानं हारातल्या पानांपेक्षा जरा मोठी भरली. पण तिन्हींचा आकडा एकच. कॅन्टीनमध्ये कोणी हसेना.

सुमनताईंनी तिथल्या तिथे पहिलं बक्षीस कस्तुराला जाहीर केलं. सोपानराव घाम पुसत जवळ आले. चुकून झालं, म्हणाले, आता तो कागद काय कामाचा, फाडून टाकू. त्यांनी हातही पुढे केला.

कस्तुराने पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

“बाई, बक्षीस तुमी कुनालाबी द्या. ह्यो कागद मी उद्या पर्मनंटच्या अर्जाला लावनार हाय. माझं काम एकसारखं हाय म्हनून सायबांनी सहा वर्सांत पयल्यांदाच सही केलीया.”