डोंगराचं वय

सावनेर रोडलगतची टेकडी वैदेहीमॅडमनी क्षेत्रभेटीसाठी मोबाइलवरच्या नकाशात पाहून निवडली होती. आधी प्रत्यक्ष जाऊन यायचा त्यांनी कंटाळा केला होता. टेकडीवर बसून नववीच्या मुलींनी आपापले दगड त्यांच्यापुढे मांडले आणि मॅडमनी सांगितलेलं डोंगराचं वय तक्त्यात लिहून घेतलं: सहा कोटी वर्षे. रोशनीने मात्र निळा रंग लागलेला भिंतीचा तुकडा ठेवला. "हा दगड नाही गं," मॅडम म्हणाल्या. "हा पहाडही नाही ना जी, मॅडम. कोळशाच्या खाणीसाठी आमचं गाव खोदलं, त्याची माती हाये. माह्या बाबानंच डंपरमधून आणून टाकली." दगडांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या मुली तुकडा बघायला पुढे सरकल्या. मॅडमनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "गाव उठलं तेव्हा तू कितवीत होतीस?" "तिसरीत." मॅडमनी स्वतःचा तक्ता उघडला आणि वयाच्या रकान्यातला 'कोटी' हा शब्द तेवढा खोडला.